ग्रीक वारसाभाषकांतील विशेषणांचा मेळ

घरात ग्रीक ऐकत वाढलेल्या, पण शाळा आणि बाहेरचा सारा व्यवहार दुसऱ्या भाषेत करणाऱ्या स्थलांतरितांच्या मुला-नातवंडांना ग्रीकचे वारसाभाषक म्हणतात. मेलबर्न, शिकागो, न्यूयॉर्क आणि ग्रीस व तेव्हाची पश्चिम जर्मनी यांच्यातील १९६० च्या कामगार करारानंतर जर्मनी येथे त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत.

ग्रीकमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे असून विशेषण विशेष्याचे लिंग, वचन व विभक्ती यांनुसार बदलते. चांगला माणूस ‘कालोस आन्थ्रोपोस’, चांगली बाई ‘काली यिनेका’, तर चांगले मूल ‘कालो पेदी’. निळा या अर्थाचे ‘ब्ले’ मात्र आपल्या ‘लाल’सारखे अविकारी आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागला की ‘चांगल्या’ हे एकच रूप तिन्ही लिंगांना चालते. ग्रीकच्या एकवचनी षष्ठीत मात्र पुल्लिंगी-नपुंसकलिंगी ‘कालू’ आणि स्त्रीलिंगी ‘कालीस’ असा भेद सांभाळावाच लागतो, आणि वारसाभाषकांच्या बोलण्यात षष्ठीच सहसा आधी डळमळते.

या बोलीला सरसकट ‘मोडकी’ ठरवणे अन्यायाचे आहे, कारण नामाचे लिंग ठरवणे आणि त्या लिंगाशी विशेषण जुळवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘एक्सोदोस’ म्हणजे बाहेर पडण्याची वाट. हे नाम स्त्रीलिंगी असले, तरी त्याच्या शेवटी येणारा ‘ओस’ बहुधा पुल्लिंगी नामांत आढळतो. मोठ्या वाटेला ‘ई मेगाली एक्सोदोस’ असे न म्हणता जो ‘ओ मेगालोस एक्सोदोस’ म्हणतो, त्याने नाम पुल्लिंगी धरून उपपद (इंग्रजी ‘the’सारखा नामाआधीचा शब्द; येथे स्त्रीलिंगी ‘ई’, पुल्लिंगी ‘ओ’) आणि विशेषण दोन्ही त्याच्याशी चोख जुळवलेले असतात. स्त्रीलिंगी ‘ई’ तसेच ठेवून पुढे नपुंसकलिंगी ‘मेगालो’ आले, तरच मेळ खरोखर सुटला असे म्हणता येते. म्हणून अभ्यासकाने उपपदाकडे बारकाईने पाहायला हवे.

शंका आली की ओढा बहुधा नपुंसकलिंगाकडे असतो, विशेषतः निर्जीव वस्तूंच्या नामांत. नव्या उसन्या शब्दांपैकी पुष्कळ त्याच लिंगात जातात: ग्रीसमध्ये गाडा असलेला ‘कारो’ अमेरिका-ऑस्ट्रेलियातील ग्रीकांच्या तोंडी इंग्रजीच्या प्रभावाने मोटार झाला, आणि नवी मोटार ‘तो नेओ कारो’ झाली (यातले ‘तो’ हे नपुंसकलिंगी उपपद). माणसांच्या नामांत नैसर्गिक लिंगाचा आधार असल्याने गफलत कमी होते. विशेषणाची जागा क्वचितच बिघडते, कारण इंग्रजी आणि जर्मनमध्येही ते ग्रीकप्रमाणेच सहसा नामाआधी येते.