काळजातलं पान आणि पाटाचं गवत

आमच्याकडे साक्रीच्या बाजूला, पांझरेच्या काठी, फडाची शेती, म्हणजे नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि सगळीकडे वाळलं तरी चारीच्या कडेला गवत हिरवंच, त्यामुळे शेळ्या तिकडेच पळणार. घरी बोकड कापला की आजोबा आधी काळीज, म्हणजे यकृत, चिरून बघायचे, एखाद्या वेळी पित्ताच्या नळीतून कडुनिंबाच्या पानासारखं काहीतरी मातकट, चपटं निघायचं आणि ते पान हलायचं! एखादी शेळी खंगली, जबड्याखाली पाणी उतरलं की आजोबांचं ठरलेलं, "तिले पाटनं गवत बाधनं."

ते पान म्हणजे लिव्हर फ्लूक, चपट्या कृमींपैकी एक. आपल्याकडच्या मैदानी भागात जो सापडतो तो फॅसिओला जायगँटिका, सात सेंटीमीटरपर्यंत लांब होतो, आणि गंमत म्हणजे 1855 मध्ये कॉबोल्ड नावाच्या इंग्रज संशोधकाने त्याचं पहिलं वर्णन केलं ते एका जिराफाच्या काळजातून काढून. याला फुप्फुस नाही, रक्त नाही, तोंड आहे पण गुदद्वार नाही, जे खाल्लं ते उरलंसुरलं तोंडातूनच बाहेर. नर-मादी एकाच अंगात. अंगच पातळ असल्याने काय हवं-नको ते कातडीतून आत-बाहेर होतं, म्हणून चपटं राहणं ही त्याची गरजच.

आता हा जंत माणसाला नवा नाही. 1379 मध्ये फ्रान्समधल्या जाँ द ब्री नावाच्या मेंढपाळाने मेंढ्यांच्या काळजातल्या या किड्याबद्दल लिहून ठेवलंय आणि त्यानेही दोष दिला तो एका वनस्पतीला, म्हणजे आमच्या आजोबांचाच भाऊ! पण तो आत जातो कुठून हे पुढची पाचशे वर्षं कोणाला कळलं नाही, कारण सगळे काळीज चिरून बघत होते आणि खरा खेळ डबक्यात चालला होता. 1842 मध्ये डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप या प्राणिशास्त्रज्ञाने दाखवलं की काही प्राण्यांत आई आणि पिल्लू दिसायला अगदीच वेगळं असतं, मधल्या पिढ्यांचं रूपच निराळं, तेव्हा कुठे गोगलगायीत सापडणारे किडे ही याच जंताची मधली पिढी असेल, अशा संशयाने लोक तिच्याकडे बघायला लागले.

मग 1879-80 ला इंग्लंडमध्ये पाऊस असा लागला की सुमारे तीस लाख मेंढ्या या रोगाने गेल्या असं सांगतात. तेव्हा ऑक्सफर्डचा तरुण संशोधक थॉमस आणि जर्मनीत प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट, दोघं स्वतंत्रपणे कामाला लागले आणि 1881 ते 1883 दरम्यान दोघांनी एकच चोर पकडला, पाणथळ जागेतली छोटी गोगलगाय. शेणातून अंडं पाण्यात, अंड्यातून सूक्ष्म पिल्लू, ते गोगलगायीत घुसतं आणि आत पिढ्या करत एकाची शेकडो होऊन बाहेर पडतात. आपण म्हणतो गोगलगाय अन् पोटात पाय, इथे पोटात अख्खी वसाहत!

आपल्या महाराष्ट्रातही माणसातल्या अशाच एका चपट्या कृमीचं, बिलहार्झियाचं, ठाणं 1952 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात सापडलं होतं, तिथेही मधला दलाल गोगलगायच, पण तो कृमी पाण्यातून थेट कातडीतून घुसतो, तो वेगळा विषय.

पण लिव्हर फ्लूकचं एक कोडं राहिलंच होतं, गोगलगायीतून निघालेलं पिल्लू शेळीच्या पोटात जातं कसं? ते 1892-93 मध्ये हवाई बेटांवर काम करताना आदोल्फो लुट्झ या ब्राझीलच्या डॉक्टरने सिद्ध केलं. पिल्लू पोहत जाऊन पाण्याकाठच्या गवताच्या पात्याला चिकटतं, शेपूट टाकतं, भोवती कवच करतं आणि वाट बघत बसतं, शेळीने पातं खाल्लं की आतड्यातून निघून काळजात. म्हणजे दोष गवताचा नव्हता पण जंत बसलेला गवतावरच होता, आजोबा अर्धे बरोबर होते.

आता डॉक्टर ऑक्सिक्लोझानाईड नावाचं जंतांचं औषध पाजतात. शेळ्या मात्र अजून त्याच चारीवर.