जलकासव-पालन

गोड्या पाण्यातील कासव घरी काचटाकीत किंवा हौदात सांभाळणे. बडोद्याच्या मराठी घरांत हा प्राणी दोन नावांनी वावरतो : दुकानात ‘काचबो’, घरी ‘कासव’. गुजराती काचबो सं. कच्छप यावरून आला, याविषयी फारसा वाद नाही. ‘कासव’विषयी मात्र दोन व्युत्पत्त्या संभवतात. एक कच्छप यावरून, दुसरी कश्यप यावरून. दुसरीला आधार म्हणून शतपथ ब्राह्मणातील ‘कश्यपो वै कूर्मः’ हे वचन दाखवता येते. तथापि तेथे यज्ञवेदीतील कूर्माचे प्रजापतीशी नाते सांगायचे आहे, व्यवहारातला शब्द नोंदवायचा नाही. मच्छ–मासा, क्षेत्र–शेत या जोड्यांत च्छ किंवा क्ष यांच्या जागी मराठीत स, श येतो, हे लक्षात घेता कच्छप–कासव ही परंपरा अधिक ग्राह्य वाटते. म्हणजे दुकानातला आणि घरातला शब्द मुळात एकच.

पाळली जाणारी जात बहुधा उत्तर अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातील लालकानी कासवाची (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स) असते. जर्मन निसर्गसंशोधक वीड यांनी केलेले तिचे पहिले शास्त्रीय वर्णन पूर्वी १८३९ चे धरत. अलीकडच्या सूचींत १८३८ हे वर्ष दिसते. बडोद्याच्या विश्वामित्री नदीत व आसपासच्या तळ्यांत आढळणारे झडपपाठी कासव (लिसेमिस पंक्टाटा) हे वेगळे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने ते घरी ठेवणे गुन्हा ठरतो. उलट, कंटाळा आला म्हणून लालकानी कासव सूरसागर तलावात किंवा नदीत सोडणेही घातक : ते ऊन खाण्याच्या जागा व अन्न स्थानिक कासवांकडून हिरावते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जातींच्या यादीत ते आहे.

टाकीचे माप पाठीच्या कवचाच्या सरळ लांबीवरून काढतात : दर सेंमी.मागे सुमारे १५ लि. पाणी. विकत मिळणारे पिल्लू तीन-चार सेंमी.चे असते, पण मादी २५ सेंमी.पर्यंत वाढते, म्हणजे ३७५ लि. पाणी. काच धरून हे वजन ४०० किग्रॅ.च्या पुढे जाते, तेव्हा पोळांतील (जुन्या शहराच्या गल्लीबंद वस्त्यांतील) घरांच्या लाकडी पाटणीवर अशी टाकी ठेवू नये. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट हवी. प्लॅस्टिकच्या माडाचे उथळ तबक हे कासवाचे घर नव्हे. पाणी पूर्ण सोडून अंग कोरडे करता येईल असा ओटा टाकीत अत्यावश्यक आहे.

कासव माशांपेक्षा कितीतरी अधिक घाण करते, म्हणून गाळणयंत्र टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेले घ्यावे. विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू गाळणयंत्राच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. बडोद्याचे नळाचे पाणी महीकाठच्या विहिरींतून व आजव्याच्या सयाजी सरोवरातून क्लोरीन घालून येते. स्पंज त्याच पाण्याखाली धुतला की जीवाणू मरतात आणि दोन-तीन दिवसांत टाकी गढूळते, वास मारते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलावे.

सर्वाधिक चुका प्रकाशाच्या बाबतीत होतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांमुळे त्वचेत, कवच टणक ठेवणाऱ्या ड३ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते व त्याचे पुढचे रूपांतर उष्णतेने होते. त्यामुळे किरण आणि ऊब दोन्ही लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते, तेव्हा काचेआडून येणारे ऊन कवचाच्या कामाचे नाही. त्यासाठीचा दिवा ओट्यापासून २५–३० सेंमी.वर लावतात. तो दिसायला पेटत असला तरी हे किरण देण्यास वर्षाच्या आत निकामी होतो. ओट्यावर ३१°–३५° से. व पाण्यात २४°–२७° से. तापमान राखावे. जानेवारीत बडोद्याचा पारा रात्री १०°–१२° से.पर्यंत उतरतो; पाणी गार पडले की कासव खाणे सोडते व पोटातले अन्न कुजते. हीटरला जाळी हवी, कवचाच्या धक्क्याने त्याची काच फुटते. मे महिन्यात गच्चीवरचे सावलीविना टब याहून धोक्याचे.

कासव पाण्यातच गिळते. पिलाला रोज, प्रौढाला दोन-तीन दिवसांआड, डोक्याएवढे खाद्य पुरे. वयाबरोबर पाला वाढवावा : शेवग्याची पाने, किसलेला लाल भोपळा, गाजर. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. पोळी-भात देऊ नये. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातील समुद्रफेन (कटलफिशचे अंतःकवच) उत्तम; त्याची पाठीची टणक बाजू खरवडून टाकतात. केवळ सुकी कोळंबी दिल्यास अ जीवनसत्त्व घटते, पापण्या सुजून मिटतात, आणि नजरेने अन्न शोधणारे हे जनावर ताटापुढे उपाशी राहते. तेव्हा डोळ्यांत थेंब टाकून भागत नाही, आहार बदलावा लागतो.

एका बाजूला कलून तरंगणे व नाकाशी बुडबुडे ही न्यूमोनियाची खूण; पातळ, पारदर्शक खवले गळणे मात्र नैसर्गिक. अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात, म्हणून हात साबणाने धुवावे व टाकीचे पाणी मोरीत ओतावे, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. गुराढोरांना व कुत्र्यांना देतात ते जंतनाशक आयव्हरमेक्टिन कासवाला विषारी आहे. मादी नराविनाही अंडी घालते. ओलसर माती-वाळूची ३० सेंमी. खोल पेटी न मिळाल्यास अंडी पोटातच अडून बसतात.