कॅम्पातले उभे पियानो: आले कसे, मोडले कशाने

बेळगावच्या कॅम्पात एखादा जुना बंगला रिकामा व्हायला लागला की सागवानी कपाटं आणि शिसवी खुर्च्या पहिल्या दोन दिवसांत जातात. भिंतीला टेकलेला पियानो तेवढा मागे राहतो. दोनशे-अडीचशे किलोचं ते धूड उचलायला पाच-सहा माणसं लागतात, ठेवायला कुणाच्या घरात भिंत मोकळी नसते, आणि झाकण उघडून पट्टी दाबली तर आवाजही धड येत नाही. शेवटी भंगारवाल्याला बोलावतात. तो आतली बिडाची चौकट लोखंडाच्या भावाने घेतो, जाड तारांवरचं तांबं वेगळं काढतो आणि लाकूड कुणाच्या तरी बंबात जातं.

माझे मामा बेळगावातल्याच शहापुरात वाजवायच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर अशाच एका बंगल्यात गेलो होतो. त्यांनी पियानोची वरची फळी काढली, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, ह्याला काही झालेलं नाही. फिती तुटल्यात." तोवर मालकांनी भंगाराचा सौदा केलेला होता, त्यामुळे तो पियानो गेलाच. त्या फितींचं प्रकरण मला पुढे कळलं, आणि तेव्हापासून टाकलेला पियानो दिसला की आधी फळी काढून आत बघतो. मात्र आत बघून काही उमजायचं असेल तर हे वाद्य असं का बांधलं गेलं आणि आपल्या गावात कुठल्या वाटेने आलं, हे माहीत असावं लागतं.

पियानो मूळचा इटलीतला. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तो घडवला, तेव्हा तारा आडव्या होत्या. पट्टी दाबली की हातोडी खालून वर उडायची आणि स्वतःच्या वजनाने परत खाली यायची. तारा उभ्या केल्या तर वाद्य भिंतीला लागतं, लहान घरातही मावतं. पण मग हातोडी समोरून मारते आणि तिला मागे आणायला वजन कामी येत नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने १८११ पासून बुटके उभे पियानो बनवले आणि ही अडचण अगदी साध्या युक्तीने सोडवली. प्रत्येक हातोडीला त्याने कापडाची एक बारीक फीत बांधली. पट्टी सोडली की फीत हातोडीला मागे ओढते. १८४२ मध्ये त्याने या रचनेचं पेटंट घेतलं, आणि उभ्या पियानोत आजही ती फीत असते.

म्हणजे जितक्या पट्ट्या, तितक्या फिती. शंभर वर्षांत कापड कुजतं, टोकाचं चामडं टणक होऊन तुटतं. मग हातोडी तारेजवळच रेंगाळते, शेजारच्या हातोडीत अडकते, आणि वाजवणाऱ्याला वाटतं की पियानो मेला. मामांना बॅटरीच्या उजेडात दिसलं ते हेच. सगळ्या फिती बदलणं दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि माल अगदी स्वस्त. इतक्या थोडक्यासाठी किती पियानो बंबात गेले असतील, या विचाराने मला अजून त्रास होतो.

बाकीचा सांगाडा मात्र भक्कम असतो. अमेरिकेत अल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये एकसंध बिडाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. त्यामुळे तारा पूर्वीपेक्षा खूप जास्त ताणता येऊ लागल्या. नेहमीच्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्र ताण पंधरा ते वीस टन भरतो. तो ताण बीड पेलतं, आणि न फुटलेलं बीड शंभर वर्षांनीही तसंच असतं. १८५३ या एकाच वर्षात बर्लिनला बेखश्टाइन, लाइपत्सिगला ब्ल्यूथनर आणि न्यूयॉर्कला स्टाइनवे हे नामांकित कारखाने सुरू झाले. लंडनच्या कॅम्डेन टाउन भागात तर गल्लोगल्ली पियानोचे कारखाने होते. हप्त्यावर विक्री सुरू झाल्यावर मास्तर, कारकून, दुकानदार यांच्या घरीही पियानो आला. १९१० च्या सुमारास एकट्या ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ७५,००० पियानो बनत होते, आणि अमेरिकेत १९०९ साली साडेतीन लाखांहून अधिक बनले. मग ग्रामोफोन आणि रेडिओ आले, १९२९ ची मंदी आली, आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. आपल्याकडे सापडणारे बहुतेक पियानो त्या भरभराटीच्या चाळीस-पन्नास वर्षांतले.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे इथे मोठी छावणी वसली, तोच हा कॅम्प. रेल्वे येण्याआधी या छावणीचं बंदर होतं वेंगुर्ला. पलटणी तिथे उतरायच्या, सामान तिथे उतरायचं आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर यायचं. त्या काळी इथे आलेल्या पियानोंनी हाच प्रवास केला असणार. बिडाची चौकट आणि सरसाने चिकटवलेली लाकडं घाटातल्या धक्क्यांत कशी टिकली असतील, याची कल्पना करून बघावी. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेचा सागरी प्रवास खूप आटोपशीर झाला. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोचली, लोंढा-कॅसलरॉकमार्गे गोव्यातल्या मुरगावच्या बंदराशी जोडली गेली, आणि जड सामानाचा प्रश्न सुटला.

पियानो लागत कुणाला होते? अधिकाऱ्यांच्या मेसला, क्लबला, साहेबांच्या बंगल्यांना. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे १८२० पासून होतं, सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं. शाळा आणि चर्च आले की सुरांचं वाद्य येतंच. त्याबरोबर ते वाजवणारेही आले. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी शिकवायची जुनी पद्धत होती. तिथे तयार झालेले गोव्याचे वादक पलटणींच्या बँडमध्ये, क्लबांत, रेल्वेच्या गावांत कामाला लागले. कॅम्पातल्या पियानोंना हात लावणारी आणि ते सांभाळणारी बरीचशी माणसं कोकणी बोलणारी होती, हे आपण विसरतो.

मराठी घरात मात्र पियानो फारसा शिरला नाही. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांच्या 'शाकुंतल'ने १८८० मध्ये संगीत नाटकाची जी लाट उठवली, तिच्याबरोबर पुढे पायपेटी आणि ऑर्गन गावोगाव फिरले. पायपेटीत भाता असतो, स्वर हवा तितका वेळ धरता येतो, गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखं राहता येतं. पियानोचा स्वर वाजला की विरायला लागतो. नाटक कंपनीला बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं असे, त्यात पियानो कोण वाहणार? चर्चमध्येसुद्धा नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीची भजनं पेटी-तबल्यावरच रंगतात.

आणखी एक खोल कारण स्वरांचं आहे, आणि ते आपल्याच भागात फार गांभीर्याने तपासलं गेलं. पियानोत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे कुठलाही स्वर षड्ज धरून वाजवता येतं, पण तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा गंधार थोडा चढा लागतो. हाच दोष पेटीतही आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवर, म्हणजे श्रुतींवर, १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करवून घेतली. पुढे आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दारं बंद ठेवली, त्यामागेही हाच आक्षेप होता. पेटी त्यातूनही तरली, कारण ती आपल्या गायकांच्या मांडीशी होती. पियानोसाठी भांडणारं इथे कोणी नव्हतं.

म्हणूनच त्याची माणसं गेली की तो पोरका झाला. १९४७ नंतर साहेब गेले, सामान लिलावात निघालं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. गोव्याकडच्या घरांतली मुलं मुंबईला, मग आखातात गेली. मागे म्हातारी माणसं राहिली, आणि त्यांच्यामागे पियानो. आयात परवान्यांच्या त्या काळात विलायती तारा किंवा फेल्ट, म्हणजे हातोड्यांवरची दाबलेली लोकर, मिळवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. मी उघडलेल्या एका पियानोत फेल्टच्या जागी घोंगडीचे तुकडे नीट कापून शिवलेले सापडले. दुसऱ्यात स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. कुणीतरी हाताला लागेल त्यातून तो चालता ठेवायला धडपडलं होतं. असे तुकडे मी फेकत नाही, डबीत घालून त्याच पियानोच्या पोटात ठेवतो.

राहिलेलं काम हवेने केलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. मृगापासून गणपतीपर्यंत इथे भिंतींना ओल येते, लाकूडही ओल धरतं, आणि चैत्रात तेच लाकूड तडतड वाळतं. पियानोतले बहुतेक सांधे सरसाचे. दमट हवेत सरस सुटतो, पट्ट्या फुगून अडकतात, तारा गंजतात. म्हणून विलायती कारखाने गरम देशांसाठी वेगळे पियानो बनवत आणि त्यांत सांध्यांना सरसाबरोबर पितळी स्क्रू मारत. पट्ट्यांच्या टोकाला असे स्क्रू दिसले की मला बरं वाटतं, कारण हा आपल्या पावसासाठीच बांधलेला. बाकी कसर लोकर खाते, उंदीर पट्ट्यांखाली घर करतो, वाळवी मागच्या खांबांतून शिरते.

दुरुस्तीच्या दृष्टीने सरस हे मोठं वरदान आहे. पाण्याने आणि उबेने तो सुटतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा सांधा लाकूड न मोडता उकलता येतो आणि पुन्हा जोडता येतो. माझी एक कळकळीची विनंती आहे: जुन्या पियानोत फेव्हिकॉल किंवा एपॉक्सी ओतू नका. पुढच्या माणसाला तो सांधा पुन्हा कधी उघडता येत नाही.

कुठला पियानो घ्यावा आणि कुठला सोडावा, याचा निर्णय दोन ठिकाणी होतो. पहिली बिडाची चौकट. तिला तडा असेल तर उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या निष्णात ओतारीलाही ती विश्वासाने सांधता येत नाही. वीस टनांचा ताण त्यावर परत चढवणं धोक्याचं आहे. दुसरी खुंट्यांची फळी. सतारीला जशा खुंट्या, तशा इथे सव्वादोनशे पोलादी खुंट्या बीचसारख्या टणक लाकडात ठोकलेल्या असतात. किल्लीने खुंटी फिरवली आणि ती लोण्यासारखी सैल फिरली, तर तार स्वर धरणार नाही. थोड्या सैल असतील तर एक माप जाड खुंट्या बसवून भागतं. फळीच चिरली असेल तर खर्च फार वाढतो.

इंग्रजी पियानोंत आणखी एक गोष्ट दिसते. तार दाबून आवाज थांबवणारे डँपर जर्मनांनी हातोड्यांच्या खाली नेले. पुष्कळ इंग्रज कारखान्यांनी मात्र ते विसाव्या शतकातही वरच ठेवले. त्यांच्या उभ्या सळ्या पिंजऱ्यासारख्या समोर येतात आणि स्वर लावायलासुद्धा हात आत जात नाही. त्यांत डँपर तारेच्या टोकाजवळ पडतो, त्यामुळे स्वर कापल्यासारखा थांबत नाही, मागे थोडा रेंगाळतो. जाणकार अशा पियानोंना कमी लेखतात. कारागिरी चांगली असेल आणि घरात वाजवायला हवा असेल तर तोही वाचवावा, असं माझं मत आहे. झाकणावरच्या नावापेक्षा चौकटीवर किंवा लाकडावर उठवलेला अनुक्रमांक बघावा. त्यावरून बनल्याचं साल काढता येतं.

पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर एक आडवी, केसासारखी रेघ दिसते, कारण तो दोन तुकड्यांत चिकटवत. हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, आणि तो बंदच असावा. एखादा तुकडा निघाला असेल तर जपून परत चिकटवावा, हरवला असेल तर साधं प्लास्टिक लावावं. त्याने स्वरात काहीही फरक पडत नाही.

कामाची माणसं मात्र इथेच आहेत. पितळी बिजागऱ्या, पेडलच्या दांड्या, चाकं उद्यमबागेत लेथवर करून मिळतात. सुतार आहेत. मिरजेला तंतुवाद्यं घडवणारी घराणी दीडशे वर्षं एकाच गावात टिकली आहेत. घोडी, तार, लाकूड यांची समज त्यांच्या हातात आहे. पेटीचे सूर लावणाऱ्याला पियानोचा चढा गंधार पहिल्यांदा खटकतो, पण दोन स्वरांमधली थरथर मोजायचा कान त्याच्याकडे तयार असतो. माझ्या अनुभवात तो दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर शिकतो.

स्वर लावताना घाई केली तर जुन्या तारा पटापट तुटतात. वर्षानुवर्षं पडलेला पियानो अर्धा-पाऊण स्वर उतरलेला असतो. तो थोडा थोडा, काही आठवड्यांच्या अंतराने चढवतात. फारच जुना असेल तर मी त्याला एक अर्धस्वर खालीच ठेवतो आणि घरच्यांना तसं सांगतो. घरात एकट्याने वाजवताना काही अडत नाही, आणि तारा टिकतात.

मग पावसाळा. जुन्या घरांतली एक रीत मला कॅम्पातल्या एका आजींनी दाखवली होती. मृग लागलं की पियानोच्या खालच्या पोटात, लाकडापासून वीतभर दूर, पंचवीस वॉटचा बल्ब लावायचा आणि दसऱ्यापर्यंत विझवायचा नाही. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहते. एलईडी त्यासाठी चालत नाही, तारेचा जुना पिवळा बल्बच लागतो. तो आता सहज मिळत नाही, म्हणून जिथे दिसेल तिथे मी दोन-चार घेऊन ठेवतो.