सहा फूट जाडीची भिंत

शिकागोच्या जॅक्सन बुलेवार्डवर, डिअरबॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मोनॅडनॉक नावाची गडद तपकिरी विटांची इमारत आहे. तळमजल्याची खिडकी पाहिली की जुन्या वाड्याची आठवण यावी. काच आत खोलवर आणि भोवती भिंतीची प्रचंड जाडी. ही भिंत तळाशी सहा फूट जाड आहे. एखादा माणूस त्या जाडीत आडवा झोपू शकेल!

इमारत दोन भागांत बांधली गेली. त्यातला १८९१ साली पूर्ण झालेला हा उत्तरेकडचा अर्धा भाग १६ मजली आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती आपलं सगळं वजन स्वतःच पेलतात. भिंत इतकी जाड का लागली, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. एक घनमीटर वीटकाम साधारण १९०० किलो भरतं. एकसारख्या जाडीची भिंत ६० मीटर उंच नेली, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ११४ टन बोजा येतो, आणि तोही भिंतीचा फक्त स्वतःचा. मजल्यांचं वजन आणि वाऱ्याचा रेटा वेगळाच. म्हणून भिंत वर जाताना पातळ आणि खाली येताना जाड करत जावी लागते. जितके मजले चढवाल, तितकी तळमजल्याची जागा भिंत गिळते. इमारतीची रुंदी जेमतेम ७० फूट, त्यातले १२ फूट दोन बाजूंच्या भिंतींच्या जाडीतच गेले. तळमजल्यावरच्या दुकानांना तर सगळ्यांत जास्त भाडं मिळायचं!

बॉस्टनच्या पीटर आणि शेफर्ड ब्रूक्स या भावांनी ही इमारत बांधून घेतली. पीटर ब्रूक्स काटकसरी माणूस. पुढे आलेल्या नक्षीवर धूळ साचते, कबुतरं आणि चिमण्या बसतात, त्यापेक्षा सगळं सपाट ठेवा, असा त्याचा आग्रह. वास्तुविशारद जॉन रूट आधी यावर नाराज झाला, पण मग त्याने याच अटीतून सौंदर्य काढलं. जोत्यापाशी भिंत हलकेच बाहेर पसरते, वर सरळ चढते आणि माथ्यावर पुन्हा बाहेर वळते, इजिप्तच्या जुन्या मंदिरांच्या दारांसारखी. इमारतीचा कोपरा तर नीट बघण्यासारखा आहे. तळाशी तो धारदार आहे, पण वर जाताना तासल्यासारखा अधिकाधिक रुंद होत जातो. त्यासाठी मुद्दाम वेगळ्या साच्यांतून विटा पाडून घ्याव्या लागल्या. सरळ भिंतीला ओळंबा लावून भागतं, इथे प्रत्येक थराला नवं माप. त्या गवंड्यांच्या हाताचं मला फार कौतुक वाटतं. रूट मात्र पूर्ण झालेली इमारत पाहू शकला नाही. जानेवारी १८९१ मध्ये, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी न्यूमोनियाने तो गेला.

खरी अडचण जमिनीखाली होती. शिकागोच्या पोटात मऊ, पाणी धरून ठेवणारी चिकणमाती आहे. अशी माती चौरस मीटरला पंधरा-वीस टनांच्या आसपासच भार सुखरूप पेलते. वरचा ११४ चा आकडा आठवा. म्हणून पोलादी तुळया आडव्या-उभ्या रचून, त्या काँक्रीटमध्ये गाडून एक भलामोठा तराफा केला आणि तो इमारतीच्या रेषेबाहेर ११ फुटांपर्यंत पसरवला. गाळात चालताना पायाखाली फळी टाकावी, तसं. तरीही इमारत खचणार हे गृहीत होतंच, आठ इंच खचेल असा अंदाज बांधून ठेवला होता. चिकणमातीवर बोजा आला की तिच्या कणांमधलं पाणी फार सावकाश बाहेर पिळलं जातं, आणि तेवढी ती दबत जाते. हे काम वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या पंधरा वर्षांतच आठ इंच ओलांडले गेले आणि १९४० च्या दशकापर्यंत इमारत सुमारे २० इंच खाली गेली होती. रस्त्यावरून आत जायला एक पायरी उतरावी लागू लागली.

दक्षिणेकडचा अर्धा भाग १८९३ मध्ये होलाबर्ड आणि रोश या वास्तुविशारदांनी बांधला. रंग तोच, उंचीही जवळपास तीच, पण आत पोलादी सांगाडा. इथे वजन खांब-तुळया पेलतात, बाहेरची भिंत फक्त ऊनपाऊस अडवते. सांगाड्याची कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकातच इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं होतं, आज ते जर्जर आहे. पण पोलाद स्वस्त झालं, लिफ्ट आल्या, आणि ही कल्पना सोळा-सतरा मजल्यांपर्यंत पोचली. मोनॅडनॉकच्या दोन अर्ध्या भागांमध्ये जेमतेम दोन वर्षांचं अंतर आहे. तेवढ्यात सहा फुटांच्या भिंतीची गरजच संपली.

रूटचा भाग जुनाट होता, असं मात्र म्हणवत नाही. अरुंद, उंच इमारतीला वाऱ्याने हेलकावे बसू नयेत म्हणून त्याने आतल्या लोखंडी खांबांमध्ये आडवे धिरे, म्हणजे आधाराचे दांडे, रिव्हेटने जोडले होते. वाऱ्याचा असा विचार तेव्हा फार थोड्या इमारतींत झाला होता. आणि जिने? त्यांत ॲल्युमिनियम वापरलं होतं. इमारतीत हा धातू वापरला गेल्याचं हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढायची पद्धत सापडली, त्याआधी तो दागिन्यांच्या भावाचा धातू होता.

सांगाड्याच्या गगनचुंबी इमारतींची आद्य म्हणून सांगितली जाणारी शिकागोचीच होम इन्शुरन्स इमारत १९३१ मध्ये पाडली गेली. आज तिची फक्त छायाचित्रं बघायची. मोनॅडनॉक वाचली. १९७३ मध्ये शहराने तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला, आणि १९७९ पासून नव्या मालकाने हाती पैसा येईल तसतशी, वर्षानुवर्षं तिची डागडुजी केली. जुन्या लाद्या, लाकूडकाम, दिवे मूळ नमुन्याप्रमाणे पुन्हा घडवले. आतमध्ये आजही कचेऱ्या आहेत, खाली दुकानं आहेत. जॅक्सनच्या बाजूने शिरून व्हॅन ब्युरेन स्ट्रीटच्या दाराने बाहेर पडलं, की लांबलचक बोळातून चालताना विटांच्या इमारतीतून पोलादाच्या इमारतीत आपण केव्हा आलो ते पायांना कळत नाही. खिडक्यांची खोली मात्र ते सांगते.