एका रात्रीत पहिला क्रमांक?

‘अमेरिकेत गावातल्या बारमध्ये गाणाऱ्या कंट्री गायकाला कुणीतरी ऐकलं आणि एका रात्रीत तो चार्टवर पहिला आला,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. तो उभारी देतो, म्हणून पटतोही. पण चार्ट, म्हणजे ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाची कंट्री (तिथल्या ग्रामीण वळणाच्या) गाण्यांची लोकप्रियता-यादी, एका मैफिलीवर ठरत नाही. १९४४मध्ये तो ज्यूकबॉक्सवरून, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रांवरून ठरे. २०१२पासून मुख्य यादीत रेडिओ, विक्री आणि स्ट्रीमिंग तिन्ही धरतात. स्ट्रीमिंगमुळे क्वचित एखादं गाणं थेट वर येतं. रेडिओवर मात्र ते एकेका स्टेशनवर वाढत जातं. कित्येकदा सहा महिने लागतात. त्याआधी कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात बक्षिशीवर गाऊन काढलेली वर्षं वेगळीच, आणि कौतुक खरं त्यांचं व्हायला हवं. पडताळायचं तर गायकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचं साल पाहा, मग गाणं यादीत शिरल्याची आणि पहिलं आल्याची तारीख ताडून बघा.