चार खात्यांचा मेल एका इनबॉक्समध्ये : ‘डिलीट’ दाबण्याआधी एवढं वाचा

‘कॉम्प्युटरवरचे मेल साफ केले, तर फोनवरचेही गेले. तुमच्या सेटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे.’ गिऱ्हाइकांची मेल खाती एकत्र लावून दिल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. सेटिंग बरोबरच असतं. पण गेलेले मेल परत आणायला अर्धा दिवस मोडतो, आणि कधीकधी ते परत येतच नाहीत. म्हणून हे पत्रक. थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल बघायचं सॉफ्टवेअर, उघडता येतं, मेल पाठवता येतो, एवढं धरून पुढे लिहिलं आहे.

एकत्र दिसतात, एकत्र होत नाहीत

फर्मचा पत्ता, मालकांचं जीमेल, जीएसटी नोंदणीला दिलेला जुना पत्ता आणि सोसायटीचा पत्ता अशी चार खाती एका यादीत दिसली, की चारही खात्यांचे मेल कॉम्प्युटरवर येऊन पडले असं वाटतं. तसं नसतं. चार खोल्यांच्या भिंती पाडून हॉल केलेला नाही, एकाच खिडकीतून चार खोल्या दिसतात इतकंच. प्रत्येक मेल आपापल्या सर्व्हरवरच, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवरच राहतो. आम्ही खाती आयमॅप पद्धतीने जोडतो, म्हणजे कॉम्प्युटर, फोन आणि वेबमेल (ब्राउझरमध्ये उघडतो तो मेल) ही एकाच मेलची तीन दारं. एका दारातून बाहेर टाकलेली वस्तू बाकीच्या दोन दारांतूनही दिसणार नाही.

याच कारणाने एकत्रित यादीतला मेल ओढून दुसऱ्या खात्याच्या फोल्डरमध्ये टाकू नका. तो खरोखरच एका सर्व्हरवरून उठून दुसऱ्यावर जातो, आणि मग फर्मच्या पत्त्यावरचं ऑर्डरचं पत्र मालकांच्या खासगी जीमेलमध्ये सापडतं.

कुठला मेल कुठल्या खात्याचा हे ओळखायला यादीच्या शीर्षपट्टीवर उजवी क्लिक करून ‘अकाउंट’ हा रकाना चालू करा. एकत्रित यादी दिसेनाशी झाली, तर ऑल्ट दाबून व्ह्यू, फोल्डर्स, युनिफाइड फोल्डर्स. ती नाहीशी झाली म्हणून खातं काढून पुन्हा जोडू नका. बरेच जण तेच करतात.

जागा करायची असेल तर

मेल डिलीट होतात ते बहुतेक वेळा ‘सी ड्राइव्ह भरला’ म्हणून. आणि त्याने जागा लगेच मोकळीही होत नाही, कारण थंडरबर्ड फोल्डरचे मेल एका मोठ्या फाइलमध्ये ठेवतं. डिलीट केलेला मेल त्या फाइलमध्ये तसाच पडून राहतो आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच फाइल लहान होते. म्हणजे सर्व्हरवरचा मेलही गेला आणि डिस्कही तेवढीच भरलेली.

डिस्क भरली असेल तर मेलला हात लावू नका. अकाउंट सेटिंग्ज उघडा, त्या खात्याखालचं ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ निवडा आणि ‘सिंक्रोनाइझ द मोस्ट रीसेंट’ समोर मुदत घाला, उदाहरणार्थ ६ महिने. मग फोल्डर कॉम्पॅक्ट करा. जुने मेल सर्व्हरवर राहतात, यादीतही दिसतात, फक्त उघडताना नेट लागतं. मात्र त्याच पानावर खाली ‘अमुक दिवसांपेक्षा जुने मेल डिलीट करा’ असाही पर्याय आहे. दोन्हींची भाषा सारखी वाटते, पण हा खालचा पर्याय सर्व्हरवरची मूळ पत्रंही कायमची काढतो. तिथे ‘डोन्ट डिलीट एनी मेसेजेस’ हेच राहू द्या.

सर्व्हरचीच जागा भरली असेल तर प्रश्न वेगळा. जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते. त्यामुळे जीमेल भरलं म्हणजे मेलच जास्त झाले असं नाही, आधी फोनचे फोटो बघा. मेलच हलवायचे असतील तर क्रम असा :

१. ‘लोकल फोल्डर्स’खाली वर्षाच्या नावाने फोल्डर करा.
२. जुने मेल निवडून उजवी क्लिक, ‘कॉपी टू’. ‘मूव्ह टू’ नाही. मध्येच नेट गेलं तर मूव्हमध्ये काय गेलं आणि काय राहिलं ते शोधत बसावं लागतं.
३. दोन्हीकडची संख्या जुळवा, आणि नेट बंद करून कॉपीतले चारपाच अटॅचमेंट उघडून बघा.
४. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं फोल्डर (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग ज्यात ठेवतं ते) बाहेरच्या डिस्कवर घ्या. लोकल फोल्डर्समधले मेल फक्त या कॉम्प्युटरवर असतात. हार्ड डिस्क गेली की तेही गेले.
५. मग सर्व्हरवरचे मेल काढा.

चौथी पायरी कंटाळवाणी आहे आणि तीच टाळली जाते. टूल्समधल्या ‘एक्स्पोर्ट’ने २ जीबीपर्यंतचं प्रोफाइल झिप करता येतं. त्याहून मोठं असेल तर फोल्डर हातानेच कॉपी करावं लागतं. वार्षिक देखभाल घेतलेल्यांची ही कॉपी आम्ही दर महिन्याला काढतो आणि उघडून तपासतो.

फक्त इनबॉक्स मोकळा दिसायला हवा असेल, तर मेल निवडून कीबोर्डवर ए दाबा. मेल अर्काइव्हमध्ये जातो, सर्व्हरवर राहतो आणि शोधला की सापडतो. रोजच्या आवरासावरीला हे पुरतं.

डिलीट झालंच असेल तर

आत्ताच झालं असेल तर कंट्रोल झेड. थोडा वेळ गेला असेल तर त्याच खात्याचं वेबमेल उघडून ट्रॅश किंवा बिन बघा. जीमेलमध्ये तिथले मेल ३० दिवस राहतात. स्वतःच्या डोमेनचं, म्हणजे फर्मच्या नावाच्या पत्त्याचं खातं असेल तर मुदत होस्टिंगवर, म्हणजे त्या मेलला जागा देणाऱ्या कंपनीवर अवलंबून असते, म्हणून थांबू नका. शिफ्ट धरून डिलीट दाबलं असेल तर मेल ट्रॅशमध्ये गेलेलाच नसतो. अशा वेळी तेच खातं जोडलेला आणि तेव्हापासून बंद असलेला एखादा लॅपटॉप ऑफिसात आहे का ते बघा. असेल तर वायफाय बंद ठेवून, केबल काढून तो चालू करा. त्याला अजून डिलीट झाल्याचं कळलेलं नसतं, आणि उतरवून ठेवलेले मेल लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करता येतात. एकदा नेट लागलं की तोही सर्व्हरप्रमाणे साफ होतो. आम्हाला फोन करायचा असेल तर तो लॅपटॉप चालू करण्याआधी करा.

दोन आठवड्यांनी मेल गायब होत असतील तर

कोणी डिलीट केलेलं नाही, तरी १४ दिवसांपूर्वीचे मेल फोनवर दिसत नाहीत? मग ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मशीनवर तेच खातं पॉप पद्धतीने लावलेलं असण्याची शक्यता मोठी. पॉप मेल खाली उतरवतं आणि सर्व्हरवरची प्रत काढतं. आउटलुकमध्ये ही मुदत मुळातच १४ दिवस असते. मेल हरवलेले नसतात, त्या मशीनमध्ये असतात. ते मशीन भंगारात देण्याआधी हे तपासा. आम्ही पॉप लावून देत नाही, मागितलं तरी. ‘आधीच्या माणसाने लावलं होतं आणि चालत होतं’ हे खरं आहे, पण तेव्हा तोच मेल फोनवर बघायचा नव्हता.

चुकीच्या पत्त्यावरून मेल जातो

उत्तर देताना थंडरबर्ड मेल ज्या पत्त्यावर आला तोच पत्ता घेतं. एकत्रित यादीतून नवा मेल लिहिताना मात्र मुख्य म्हणून ठरवलेलं खातं घेतं. पाठवण्याआधी ‘फ्रॉम’ची ओळ बघण्याला पर्याय नाही. रोज जे खातं लागतं ते अकाउंट अ‍ॅक्शन्समधून ‘सेट अ‍ॅज डीफॉल्ट’ करून ठेवा.

पत्ता बरोबर असूनही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये मेल जात असेल, तर त्या खात्याचा ‘आउटगोइंग सर्व्हर’, म्हणजे मेल बाहेर पाठवणारा सर्व्हर बघा. फर्मच्या पत्त्याचं पत्र जीमेलच्या सर्व्हरमधून बाहेर पडलं, तर जीमेल पाठवणाऱ्याच्या जागी आपला पत्ता घालू शकतं. दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरमधून गेलं तर समोरचा सर्व्हर त्याच्याकडे संशयाने बघतो. खाती चार असतील तर आउटगोइंग सर्व्हरही चार हवेत. पोर्ट साधारणपणे येणाऱ्या मेलसाठी ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५ किंवा ५८७, आणि युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता.

आम्ही असंच का करतो

‘पासवर्ड सांगतो, तुम्हीच लावून ठेवा’ असं सांगितलं जातं. नुसत्या पासवर्डवर आता जमत नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही पद्धत ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला. आता जोडताना त्यांचीच लॉगिनची खिडकी उघडते आणि फोनवर परवानगी मागते. ती खिडकी कोरी राहिली तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का बघा. ही परवानगी द्यायची असते म्हणून खातेदार फोन घेऊन समोर लागतो. तुमचे पासवर्ड आम्ही लिहून ठेवत नाही, ते विसरल्यावर आम्हाला विचारूनही उपयोग नाही.

‘फुकटचं सॉफ्टवेअर लावून पैसे घेता’ हेही ऐकतो. थंडरबर्ड फुकट आहे, खरं आहे. विंडोजमधल्या ज्या मेल अ‍ॅपवर बरेच जण होते, तेही फुकट होतं, आणि त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये प्रत्येक आयमॅप खात्याचा इनबॉक्स वेगळा राहतो. नवं आउटलुक आयमॅप खात्यांचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही नेतं, आणि सीए आणि वकिलांच्या ऑफिसांना ते चालेलच असं नाही. शुल्क आहे ते खाती तपासून लावण्याचं आणि जुन्या मशीनवरचा मेल शोधून एका जागी आणण्याचं. ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांनी वरच्या पायऱ्या खुशाल वापराव्यात.

आमच्याकडे येताना सगळ्या पत्त्यांची यादी, ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोन, डोमेनचं खातं असेल तर होस्टिंगच्या पॅनेलचं लॉगिन, आणि हा मेल ज्या ज्या मशीनवर कधी काळी लावला होता त्यांची नावं घेऊन या. शेवटची यादी नेहमी अपुरी असते, म्हणून गोदामातला जुना कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप आठवून लिहा.