कुंपणातल्या भोकातून दिसणारा नायगारा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बाजूने नायगारा बघायचा तर पैसे मोजावे लागत. काठावरच्या बहुतेक मोक्याच्या जागा खासगी मालकीच्या. कुंपणाला भोकं पाडलेली, आणि त्या भोकाला डोळा लावायचेही पैसे. धबधब्याच्या जरा वर, बाथ आयलंडवर, कागदाची गिरणी उभी होती. उद्यानं आखणारे वास्तुरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्यांच्या साथीदारांनी याविरुद्ध कित्येक वर्षं चळवळ चालवली. शेवटी १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने जमीन ताब्यात घेण्याचा कायदा केला, १४ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली आणि १५ जुलै १८८५ला काठ सर्वांना मोफत खुला झाला. गिरण्या हटल्या, झाडी परत आली. ऐन उद्योगयुगात एका सरकारने हे केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याआधीचा प्रयोग कॅलिफोर्नियातला. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध सुरू असताना, लिंकन यांनी योसेमिटीचं खोरं आणि मारिपोसाची महावृक्षांची राई त्या राज्याच्या हवाली केली. अट एकच: जागा लोकांच्या वापरासाठी कायमची राखायची. (१९०६ मध्ये ती केंद्राकडे परत गेली.) पेनसिल्व्हेनियाने १८९३ मध्ये व्हॅली फोर्ज घेतलं, १७७७-७८च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सैन्याचा तळ तिथेच पडला होता. सैनिकांच्या मूळ लाकडी झोपड्या कधीच गेल्या, आज दिसतात त्या नव्याने बांधलेल्या.

जुना भूप्रदेश राखायचा म्हणजे नेमक्या कुठल्या काळातला, हा प्रश्न इथेच उभा राहतो, आणि योसेमिटीत तो सगळ्यात जास्त बोचतो. तिथल्या कुरणांना लोक निसर्गाची देणगी समजले. खरं तर ती अहवाहनीची लोकांनी, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांनी, घडवलेली होती. ते ठरावीक काळाने गवत जाळत. त्यामुळे झुडपं माजत नसत आणि ज्यांची बोंडं दळून ते खात, त्या ओक झाडांना ऊन मिळे. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना खोऱ्यातून हुसकावलं गेलं. पुढे आग लावणंही थांबलं. खोऱ्याचे पहिले रखवालदार गॅलन क्लार्क यांनी १८५५ मध्ये खोरं पाहिलं होतं. चाळीसेक वर्षांनी त्यांनीच नोंदवलं, की मोकळं कुरण तेव्हा आताच्या निदान चौपट होतं. खोरं राखलं जात होतं, पण त्याला तसं ठेवणारी माणसंच तिथून गेली होती.

१९७० पासून योसेमिटीत वनकर्मचारी मुद्दाम, आखून आग लावतात.